ताठ कण्याचे यंत्र

घरी सीएनसी मिलिंग मशीन बांधायला घेतलेला माणूस ओळखायची सोपी खूण म्हणजे तो दिसेल त्या वस्तूला आधी हलवून बघतो. लग्नात जेवायला बसला की ताट यायच्या आत टेबलाचे पाय तपासतो. जिन्याचा कठडा, बसथांब्याचा खांब, फलाटावरचा बाक, सगळ्यांना तळहाताने एकेक धक्का देतो आणि ‘पिळाला मार खातंय’ असे स्वतःशीच पुटपुटतो. सोबतच्यांना वाटते, याला काहीतरी झाले आहे. त्यांचा अंदाज खरा असतो.

सुरुवात मात्र अगदी निष्पाप असते. एका रात्री व्हिडिओत कुणीतरी स्वतः बांधलेल्या यंत्रावर ॲल्युमिनियमचा ठोकळा आवळतो, बटण दाबून चहा प्यायला जातो आणि परत येईपर्यंत ठोकळ्याचा आरशासारखा चकचकीत भाग तयार असतो. मग हा पुणेकर असेल तर शनिवारी पासोड्या विठोबापाशी मोटर ड्रायव्हर शोधतो, बोहरी आळीत ॲलन बोल्टचे भाव विचारतो आणि रविवारी जुन्या बाजारात ‘काही मिळतंय का’ बघायला जातो. काय हवे ते ठरलेले नसल्यामुळे तिथे त्याला सगळेच मिळते. मुंबईकर लॅमिंग्टन रोड आणि नागदेवी स्ट्रीट पालथी घालतो. घरी सांगितलेले असते की कपाटाच्या मुठी आता विकत आणाव्या लागणार नाहीत. त्या मुठी चार वर्षांनीही विकतच येतात.

या यंत्राच्या इतिहासातच एक उलटापालट दडलेली आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ट्रॅव्हर्स सिटी गावी, जॉन पार्सन्स नावाचा कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवत असे. पात्यांच्या वळणांचे आकडे आधी काढायचे आणि त्या आकड्यांवर कटर चालवायचा, ही कल्पना त्याची. १९४९ साली अमेरिकी हवाई दलाने त्याला काम दिले, पुढे त्यात एमआयटीची सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळा उतरली आणि १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारे मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आले. यंत्र सिनसिनाटी कंपनीचे हायड्रोटेल होते. बिडाचे, अवाढव्य, बाजारात आधीपासून असलेले. नवा होता तो त्याचा मेंदू. त्यात २९२ व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्या मेंदूची कपाटे मशीनपेक्षा जास्त जागा अडवून बसली होती. तेव्हाच्या दिग्गजांना शरीर तयार मिळाले आणि सगळी बुद्धी मेंदू घडवण्यात खर्ची पडली.

आता बरोबर उलट झाले आहे. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कॉग्सरुड या नॉर्वेजियन माणसाने ग्रबल नावाची प्रणाली लिहिली आणि सरळ फुकट वाटून टाकली. ती आर्डुइनोच्या चिपवर चालते, आणि त्या चिपची रॅम दोन किलोबाइट. तळहाताएवढी पाटी, काहीशे रुपये, की मेंदूचा प्रश्न मिटला. हा मेंदू शतांश मिलिमीटरमध्ये हुकूम सोडतो. मोटर हुकूम ऐकते, स्क्रू फिरतो, गॅन्ट्री म्हणजे कटर वाहणारी कमान सरकते, आणि मग या सगळ्या शिस्तबद्ध साखळीच्या शेवटाला टांगलेला कटर धातूला टेकतो व स्वतःला सोयीचे वाटेल तिकडे निघून जातो.

पहिला कट हा अशा घरात ऐकण्याचा प्रसंग असतो, बघण्याचा नव्हे. लाकूड बरे कापले जाते, ॲक्रिलिकही जाते. म्हणून धीर वाढतो आणि ॲल्युमिनियमची पट्टी आवळली जाते. कटर शिरतो आणि सुरुवातीला एक कण्हणे, मग किंचाळी, मग वरच्या मजल्यावरून खाली आलेल्या काकूंचा प्रश्न, ‘काही जळतंय का हो तुमच्याकडे?’ पट्टीवर उमटलेली नक्षी बघून पाहुणे ‘छान डिझाइन आहे’ म्हणतात. ते डिझाइन नसते. वर्कशॉपच्या भाषेत त्याला चॅटर म्हणतात.

चॅटरची लबाडी समजून घेण्याजोगी आहे. मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी फिरणारा दोन दातांचा कटर सेकंदाला ४०० वेळा धातूवर दात मारतो. एका दाताच्या वेळी कटर जरासा हलला की मागे लाटेचा पृष्ठभाग राहतो. पुढचा दात त्या लाटेवर येतो, म्हणजे त्याला कधी जाड तर कधी पातळ चीप मिळते, त्यामुळे बल कमी-जास्त होते, त्यामुळे कटर आणखी हलतो आणि आणखी मोठी लाट सोडून जातो. यंत्र स्वतःच्याच चुकीवर चूक रचत जाते आणि आपली चढती कमान मोठ्या आवाजात जाहीर करते. हौशी धावत जाऊन लाल बटण दाबतो. लाल बटण हा घरगुती यंत्रातला सर्वांत जास्त वापरला जाणारा भाग असतो, आणि बहुतेक यंत्रांत तो सर्वांत शेवटी बसवलेला असतो.

त्यानंतर सल्ले सुरू होतात. एक सल्ला सर्वमान्य असतो: ‘जाड कर.’ निवृत्त इंजिनीअर असलेले शेजारचे काका म्हणतात, ‘अरे, आमच्या कंपनीत बेडच दोन टनांचा होता.’ ते खोटे नसते. कारखान्यातले बेताच्या आकाराचे व्हर्टिकल मशीनिंग सेंटरसुद्धा तीन-चार टनांच्या घरात जाते. मावसभाऊ म्हणतो, ‘पाइपात वाळू भर.’ वेल्डर म्हणतो, ‘चार गसेट मारू, हत्ती उभा राहील.’ हत्ती उभा राहण्याचा मुद्दाच नसतो. हत्तीच्या पायाखाली लोखंड किती शतांश दबते, हा मुद्दा असतो. वजन पेलणे म्हणजे ताकद आणि न वाकणे म्हणजे ताठपणा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुटायच्या कितीतरी आधी लोखंड वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते, आणि त्या मधल्या अवस्थेतच सगळा जॉब वाया जातो.

हा धडा माणसाने फार पूर्वी, आणि फार महागात, घेतलेला आहे. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाचे पेटंट १७६९ मध्ये घेतले, पण इंजिन काही धड चालेना, कारण सिलिंडर गोल मिळेना. त्या काळी सिलिंडर आतून तासायचा तर एका बाजूने धरलेला लांब दांडा आत घालत. दांडा टोकाला लवे आणि ओतकामातल्या वाकड्या भोकाच्या मागे मागे वाकडाच जाई. जॉन विल्किन्सनने १७७५ च्या सुमारास दांडा सिलिंडरच्या आरपार काढला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. बस, एवढेच. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने लिहून ठेवले आहे की ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक कुठे सापडला नाही. औद्योगिक क्रांतीच्या खात्यावर इतके काही जमा केले जाते, पण एका दांड्याच्या दुसऱ्या टोकाला टेकू मिळाला, ही नोंद फार थोडे करतात.

घरगुती यंत्रातला प्रत्येक भाग मात्र एका टोकालाच धरलेला राहण्याची स्वप्ने बघत असतो. कटर स्पिंडलमधून लोंबतो, स्पिंडल झेड अक्षाच्या पाटीवरून पुढे आलेला असतो, गॅन्ट्रीचे पाय वर निघालेले असतात. आणि एका बाजूने धरलेल्या दांड्याचा नियम निष्ठुर आहे: लांबी दुप्पट केली की तेवढ्याच बलाला तो आठपट वाकतो. ६ मिलिमीटरचा कटर कोलेटमधून २० मिलिमीटर बाहेर ठेवायचा तो ३० ठेवला, तर वाकणे जवळजवळ साडेतीनपट. हे बदलायला एक पैसा लागत नाही, कोलेट सैल करून कटर आत ढकलायचा. फुकट असल्यामुळे हा उपाय कुणी गांभीर्याने घेत नाही.

लांबीचा मोह हेच या छंदाचे मूळ दुखणे. आराखडा काढताना विचारले, ‘झेडची उंची किती हवी?’ तर उत्तर येते, ‘दोनशे ठेवू, कधी लागली तर.’ लागणार कशाला? पुढची सगळी वर्षे त्या यंत्रावर १० मिलिमीटर जाडीच्या वरचा तुकडा चढत नाही. पण त्या ‘कधी लागली तर’साठी गॅन्ट्रीचे पाय उंच होतात, आणि तेच पाय निम्म्या उंचीचे केले असते तर पुढेमागे वाकण्यात आठपट ताठ झाले असते. तसेच टेबलाचे. दोन फूट बाय चार फूट, कारण प्लायवूड आठ बाय चारचे मिळते आणि ते कापून नीट बसते. टेबलाचा आकार प्लायवूडच्या दुकानदाराने ठरवावा, ही पद्धत हायड्रोटेलच्या निर्मात्यांना माहीत नव्हती.

आता जरा हिशेब. स्वस्त संचांमध्ये अक्षांना गोल पोलादी सळ्या असतात, फक्त दोन टोकांना धरलेल्या. १६ मिलिमीटर जाडीची, ६०० मिलिमीटर लांबीची अशी सळी घ्या आणि मधोमध दहा किलोचा जोर द्या. कागदावरच ती सुमारे ०.७ मिलिमीटर लवते. दोन सळ्यांनी भार वाटून घेतला तरी ०.३५. शतांशांत हुकूम सोडणाऱ्या मेंदूच्या हाताखाली ही पस्तीस शतांशांची दिलदारी! सळी २० ची केली तर ताठपणा अडीचपट होतो, कारण इथे व्यासाचा चौथा घात चालतो. पण सळीखाली अखंड आधार दिला, किंवा सळी काढून चौकोनी रेल सपाट पृष्ठभागावर बोल्टने आवळली, तर मधल्या लांबीचा प्रश्नच उरत नाही. विल्किन्सनने दोन टोके धरली होती, इथे अख्खी लांबी धरता येते.

पिळाचा प्रकार याहून मजेशीर. गॅन्ट्रीच्या आडव्या तुळईला स्पिंडल पुढच्या बाजूने लटकलेला असतो, म्हणून कटरवर बल आले की तुळई नुसती वाकत नाही, पिळलीही जाते. नळकामाच्या पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा दोन हातांनी पिळून बघावा. फारसा पिळत नाही. मग त्यालाच हॅकसॉने लांबीच्या दिशेने एक चीर द्यावी. माल तेवढाच, वजन तेवढेच, पण आता शाळकरी मूलही पिळेल. पाइपाची सरासरी त्रिज्या २५ आणि जाडी २ मिलिमीटर असेल तर पिळाला होणारा विरोध सुमारे ४७० पटीने उतरतो. उघडे सी चॅनेल आणि बंद चौकोनी नळी यांत हाच फरक आहे. तरी घरगुती गॅन्ट्र्या चॅनेलच्या होतात, कारण चॅनेलच्या आत हात घालून नट धरता येतो आणि बंद नळीत येत नाही. ताठपणा आणि पाना यांच्या भांडणात बहुधा पाना जिंकतो.

वजनवाद्यांचा संप्रदाय वेगळा. त्यांचा विश्वास वाळूवर. पाइपात वाळू भरली की आवाज बसका होतो, पाइप ठोकल्यावर ‘टण्ण’ऐवजी ‘ठप्प’ वाजतो आणि छाती भरून येते. वाळूचे कण एकमेकांवर घासून कंपन शोषतात, हे खरे आहे. पण वाकण्याला वाळू जवळपास काहीच विरोध करत नाही. शिवाय सरकत्या गॅन्ट्रीत वाळू भरली तर ताठपणा तोच, वस्तुमान मात्र जास्त, म्हणजे यंत्राची स्वाभाविक कंपनसंख्या खाली येते आणि स्टेपर मोटर ते ओझे झटक्यात हलवताना स्टेप चुकवते. मग जॉबवरचा गोल बटाट्याच्या आकाराचा येतो. वजन वाढवायचेच तर ते न हलणाऱ्या भागात वाढवावे, एवढे एक पथ्य या संप्रदायाने पाळले असते तर कितीतरी मोटरी आजही आनंदात असत्या.

काँक्रीटचा विचार ऐकून लोक हसतात, पण त्याला घराणे आहे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांसाठी लेथ कमी पडू लागले तेव्हा अमेरिकेत ल्युसियन योमन्सने काँक्रीटच्या बेडचे लेथ उभे केले. आजही स्वित्झर्लंडच्या स्टुडर कंपनीच्या ग्राइंडिंग मशीनचे बेड खनिज ओतकामाचे असतात, त्याला ते ग्रॅनिटान म्हणतात. खडीचे लहानमोठे दाणे आणि थोडेसे इपॉक्सी. दाणे असे निवडायचे की मोठ्यांच्या मधल्या फटी छोट्यांनी भराव्यात आणि रेझिनला कमीत कमी जागा उरावी. ताठपणात ते पोलादाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याचेच असते, पण जाड ओतता येते आणि कंपन बिडापेक्षाही चांगले गिळते. घरी हे करायचे म्हणजे बाथरूममध्ये खडी धुणे, गच्चीवर ती वाळवणे आणि मुलांच्या आंघोळीच्या वेळी ‘आज नळाखाली नको, तिथे दोन नंबरची खडी आहे’ असे सांगणे.

काहीजण ओट्याच्या ग्रॅनाइटकडे वळतात. फरशीवाल्याकडे तुकडे स्वस्तात मिळतात आणि काळा ग्रॅनाइट दिसतोही मापनशाळेतल्या सरफेस प्लेटचा सख्खा भाऊ. पण ओट्याची पॉलिश डोळ्यांसाठी असते. त्यावर सरळपट्टी ठेवून मागून टॉर्च मारला की प्रकाश खुशाल आरपार येतो. आणि त्यात बोल्ट बसवायचे तर भोके पाडून इन्सर्ट चिकटवावे लागतात. फरशीवाला विचारतो, ‘गॅसच्या पाइपाचं भोक का?’ त्याला ‘हो’ म्हणणे सगळ्यात सोपे.

शुद्धतावादी थेट बिडावर जातो. बिडाचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याच्या आसपास, पण त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंपन लवकर मरते, म्हणून शतकभर मशीनचे बेड बिडाचेच होत आले. कोल्हापूरजवळ शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला फाउंड्र्यांची रांग आहे. तिथे हौशी आराखडा घेऊन पोहोचतो. फाउंड्रीवाला आराखडा बघतो, मान डोलावतो, पॅटर्नचा खर्च मनात धरतो आणि विचारतो, ‘नग किती?’

‘एक.’

यानंतर चहा येतो. चहा झाल्यावर फाउंड्रीवाला अत्यंत आपुलकीने भंगाराच्या ढिगाकडे बोट दाखवतो. तो सल्ला वाईट नसतो. मोडीत काढलेल्या लेथचा बेड किंवा जुन्या मिलिंग मशीनचे टेबल ओतल्यानंतर कितीतरी वर्षे गेलेली असतात. नव्या ओतकामात आतले ताण असतात, ते हळूहळू सुटतात आणि पृष्ठभाग वाकडा होतो. म्हणून पूर्वी कारखाने ओतलेले बेड महिनोन् महिने उन्हापावसात अंगणात टाकून ठेवत, लोणचे मुरावे तसे मुरू देत. भंगारातले बीड मुरून मुरून पार तयार झालेले असते. फक्त ते घरापर्यंत आणायला टेम्पो लागतो आणि टेम्पोवाला ‘एवढ्याशा गोष्टीला’ म्हणत उचलायला जातो व तसाच खाली बसतो.

बाकी सगळे फॅब्रिकेशनवाल्याकडे जातात. हा माणूस गेटे, ग्रिल आणि पत्र्याची शेड यांचा बादशहा, आणि त्याचे माप सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास.

‘साहेब, एखादं सूत इकडंतिकडं चालंल ना?’

‘नाही हो. पाच शतांश.’

‘म्हंजी अर्धं सूत?’

‘म्हणजे सुताचा साठावा भाग.’

‘मंग ते तुम्हीच बगा. आपण वेल्डिंग करून देतो.’

त्याचा यात काही दोष नाही. वेल्डिंगचा टाका थंड होताना आकसतो आणि चौकट आपल्याकडे ओढतो. गुण्या लावून नव्वद अंशांत पक्की केलेली चौकट दुसऱ्या दिवशी सकाळी नव्वदला उरत नाही. मोठे कारखाने अशी चौकट भट्टीत सहाशे अंशांच्या आसपास तापवून हळूहळू निववतात आणि मग मशीनवर तासून घेतात. घरी सहाशे अंशांची सोय नसते. म्हणून एक चतुर वाट निघाली आहे: वेल्डिंग वाकडे होणार हे गृहीत धरायचे, रेल जिथे बसणार तिथे मेणाचा बांध घालायचा आणि पातळ इपॉक्सी ओतून द्यायचे. ते पाण्याप्रमाणे आपली पातळी आपण शोधते आणि घट्ट होते, पुढचे काम त्या सपाटीवर. अट एवढीच की रात्रभर कुणी तिथे फिरकायचे नाही. डास ही अट पाळत नाहीत.

एवढे सगळे करून यंत्र उभे राहते. गॅन्ट्री दुप्पट जाड झालेली असते, पायांना गसेट असतात, बेडमध्ये शंभर किलो खडी असते. हौशी पुन्हा ॲल्युमिनियमची पट्टी आवळतो. काकू पुन्हा खाली येतात.

इथपर्यंत कुणीही एक गोष्ट केलेली नसते, ती म्हणजे मोजणे. त्याला लागते तरी काय? चुंबकाच्या स्टँडवरचे एक डायल गेज आणि रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा ताणकाटा. काटा नवा घ्यावा. रद्दीवाल्याचा घेतला तर त्यात दहा दिसतात तेव्हा खरे बारा असतात. डायलचा स्टँड टेबलावर, टोक स्पिंडलच्या नाकाला, आणि काटा स्पिंडलला अडकवून दहा किलोपर्यंत ओढायचा. काटा सांगतो जोर किती, डायल सांगते हलले किती. मग डायल एकेका सांध्यावर सरकवत जायचे: बेड आणि गॅन्ट्रीचा पाय, पाय आणि तुळई, तुळई आणि झेडची पाटी, पाटी आणि स्पिंडल. पहिल्या दिवशी हौशी डायलवरच संशय घेतो, दुसऱ्या दिवशी स्टँडवर, तिसऱ्या दिवशी पृथ्वीच्या परिभ्रमणावर.

समजुतीपुरते आकडे घेऊ. दहा किलोला टेबल ५ मायक्रॉन हलले, गॅन्ट्री १०, झेड अक्ष २० आणि स्पिंडलची पकड १००. कटरकडून निघालेले बल या सगळ्यांतून फिरून परत जॉबपाशी येते, म्हणून कटरच्या टोकाला सगळ्यांची बेरीज दिसते: १३५. गॅन्ट्री दुप्पट ताठ केली, टेम्पो आणला, कंबर धरली, महिना घालवला. १० चे ५ झाले. बेरीज १३०. कानाला हा फरक ऐकू येत नाही. काकूंच्याही येत नाही.

आणि ते शंभर मायक्रॉन कुठले? स्पिंडलची पकड. म्हणजे सुताराच्या राऊटरला धरणारा तो निळा कंस, जो मावसभावाने त्याच्या थ्रीडी प्रिंटरवर ‘सध्यापुरता’ छापून दिला होता. त्याच्या प्लास्टिकचा ताठपणा पोलादाच्या सत्तराव्या हिश्श्यापाशी कुठेतरी, त्यात राऊटर तापला की तो मऊ पडणार. अख्खे यंत्र वीस मिलिमीटर पोलादी पाट्यांचे, आणि कटर धरला आहे खेळण्यातल्या प्लास्टिकने. तो कंस बांधणाऱ्याला कधी दिसला नाही, कारण तो रोज त्यालाच धरून स्पिंडल वर-खाली करत होता. बाजारातला ॲल्युमिनियमचा क्लॅम्प आणून बसवायला अर्धा तास लागतो. शंभराचे वीस होतात आणि बेरीज १३० वरून ५० वर येते.

आता माणसाला चव लागते. पुढचा मोठा गुन्हेगार झेड. त्याचे दोन सरकते ठोकळे एकमेकांना चिकटून बसवलेले, मध्ये ६० मिलिमीटर अंतर, आणि कटर त्यांच्या १८० मिलिमीटर खाली. ठोकळ्यांत एक शतांशाचे सैलपण असले की कटरपाशी तीन शतांश होतात. ठोकळ्यांतले अंतर दुप्पट केले की डुलण्याला होणारा विरोध चौपट होतो, आणि त्यासाठी लागते काय, तर थोडी लांब पाटी आणि चार नवी भोके. वीसचे पाच होतात. बेरीज ३५. खर्च टेम्पोच्या भाड्याहून कमी.

मग सांधे. दोन पाट्या बोल्टने आवळल्या म्हणजे एक झाल्या, हा गोड गैरसमज आहे. त्यांच्यामध्ये रंगाचा थर असतो, कारण रंगाऱ्याने प्रेमाने सगळीकडे रंग मारलेला असतो. वेल्डिंगचा शिंतोडा असतो, भोकाभोवतीची बर असते. पाट्या तीन उंचवट्यांवर टेकतात आणि बाकी जागी हवा खातात. जुने फिटर एका पृष्ठभागाला निळा रंग चोळून दुसऱ्यावर घासतात, जिथे निळे डाग उमटतात तेवढेच उंचवटे स्क्रेपरने खरवडतात, आणि हे डाग सर्वत्र दाट पसरेपर्यंत तेच करत राहतात. घरी एवढे कुणी करत नाही. पण नुसता सांध्यातला रंग खरवडून, भोकांच्या कडा फाईलने मोडून बोल्ट पुन्हा नीट आवळले तरी डायलचा काटा लाजल्याप्रमाणे कमी हलतो. भोसरीतल्या एखाद्या मुरलेल्या फिटरला हे दाखवले तर तो एवढेच म्हणेल, ‘मग आधी काय केलं होतं?’

शेवटी एके दिवशी ॲल्युमिनियम कापले जाते, आवाज सळसळता येतो, चीप सुटी पडते आणि काकू खाली येत नाहीत. घरात आनंद होतो. मग वडील विचारतात, ‘याचं वजन किती झालं रे?’

अडीचशे किलो. पायांखालची जागा साधारण ऐंशी सेंटिमीटर चौरस, म्हणजे चौरस मीटरला ३९० किलोच्या आसपास. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ २०० किलो भार धरतात. हा भार अख्ख्या खोलीवर पसरलेला धरायचा असतो, त्यामुळे स्लॅब काही लगेच खाली येत नाही. पण मायक्रॉन मोजणाऱ्या माणसाने खालच्या मजल्याचा हिशेबच केलेला नसतो, हे आता सर्वांसमोर आलेले असते. बाल्कनीला तेच मानक ३ किलोन्यूटन धरते, म्हणून पत्नी बाल्कनी सुचवते. तो बाल्कनीकडे बघतो. एका बाजूने धरलेली, पुढे आलेली, लांबीच्या तिसऱ्या घाताने वाकणारी बाल्कनी. तो नकोच म्हणतो.

उरते तळमजल्याचे पार्किंग, आणि त्याला लागतो सोसायटीचा ठराव. वार्षिक सभेत पाण्याची टाकी, लिफ्टचे कंत्राट आणि भटकी कुत्री हे विषय संपले की ‘ऐनवेळचे विषय’ येतात. सेक्रेटरी विचारतात, ‘हादरे किती बसतील?’ तो उठून उभा राहतो आणि सांगतो, ‘दहा किलोला पस्तीस मायक्रॉन.’ सभेला काही कळत नाही, पण आकडा लहान वाटतो. खजिनदार विचारतात की या मशीनवर सोसायटीचे काही काम होईल का. तो उत्साहाने पोलाद म्हणतो, साचे म्हणतो, ॲल्युमिनियमचे सुटे भाग म्हणतो. खजिनदारांनी आणलेला नमुना असतो पार्किंगच्या नंबरांच्या पाट्यांचा. तीन मिलिमीटर ॲक्रिलिक, चाळीस नग, फॉन्ट जरा जाड. असल्या कामाला निळ्या कंसाचे पहिले यंत्रही सहज पुरले असते. परवानगी एकमताने मंजूर होते, आणि पाट्या गणपतीच्या आत हव्या असे इतिवृत्तात लिहिले जाते.